‘एवढी शहाणी असून फसलीस कशी?’

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ५२ वर्षांच्या आहेत. एका मोठ्या संस्थेत त्या अंतर्गत लेखापरीक्षणाचे काम करतात. इतरांच्या हिशेबातली गफलत हुडकणे हा त्यांचा रोजचा उद्योग. नात्यात आणि कार्यालयात ‘तिला विचारा, ती नीट सांगेल’ अशी त्यांची ख्याती आहे. तीन वर्षांपूर्वी मावसभावाने नवा व्यवसाय सुरू केला, तेव्हा त्यांनी बचतीचा साधारण पाचवा हिस्सा त्याला दिला. लेखी काही केले नाही. वर्षभराने त्याने हिशेब दाखवण्याचे टाळले, अडचण सांगून आणखी पैसे मागितले, आणि बाईंनी तेवढीच रक्कम पुन्हा दिली, तीही पतीला न सांगता. गेल्या वर्षी व्यवसाय बंद पडला. आता पती ‘एवढी शहाणी असून फसलीस कशी?’ असे विचारतात आणि थोरले भाऊ ‘मला तेव्हाच वाटले होते’ असे म्हणतात. बाईंचा स्वतःवरचा विश्वास इतका उडाला आहे की मुलाने नोकरी बदलण्याविषयी मत विचारले, तेव्हा ‘मला विचारू नकोस’ एवढेच त्या म्हणाल्या. दरम्यान मावसभावाला नोकरी लागली आहे. दरमहा थोडे थोडे करून पैसे फेडण्याची तयारी दाखवून त्याने भेट मागितली आहे. पतीच्या मते त्याला भेटणे म्हणजे दुसऱ्यांदा मूर्ख ठरणे. त्या विचारतात: ‘मी मुळातच मूर्ख होते आणि इतकी वर्षे शहाणपणाचे सोंग वठवत होते का? आणि त्याला भेटावे की नाही?’

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोन वेळा वाचले. पहिल्या वेळी ती पैसे बुडाल्याची हकिगत वाटली. दुसऱ्या वेळी शब्द मोजले, तेव्हा दिसले की तीन पानांत ‘मूर्ख’ आणि ‘मूर्खपणा’ हे शब्द मिळून नऊ वेळा आले आहेत आणि ‘चूक’ हा शब्द एकदाही आलेला नाही. तुम्ही लेखापरीक्षक आहात म्हणून विचारतो: एखाद्या विभागाच्या हिशेबात गोंधळ सापडला, तर तुम्ही अहवालात ‘हा विभाग मूर्ख आहे’ असा शेरा मारता का? तसा शेरा मारणाऱ्या कनिष्ठाचा अहवाल तुम्ही परत पाठवाल आणि कोणत्या तारखेचे व्हाउचर, किती रक्कम, कोणाची सही राहिली, ते लिहून आणायला सांगाल. स्वतःच्या बाबतीत मात्र तुम्ही एका शेऱ्यात सगळे खाते बंद करून टाकले आहे. ते खाते मला पुन्हा उघडायचे आहे, कारण त्यात निदान पाच वेगवेगळ्या नोंदी आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही.

मराठीत या कामासाठी फार नेमका शब्द आहे, तारतम्य. तुलना दाखवणाऱ्या ‘तर’ आणि ‘तम’ या संस्कृत प्रत्ययांवरून तो आला आहे; अधिक कोणते आणि सर्वांत अधिक कोणते, हे ओळखण्याची दृष्टी असा त्याचा गाभा. शहाणपणाविषयी बोलताना आपण बहुधा हा शब्द विसरतो आणि माणसांचे दोनच खण करतो, शहाण्यांचा आणि मूर्खांचा. असे दोनच खण केले की एक चूक होताच माणसाला एका खणातून उचलून दुसऱ्यात टाकावे लागते, आणि तुमच्या घरात गेले वर्षभर हेच चालले आहे.

पहिली नोंद पहिल्या रकमेची. मावसभाऊ लहानपणापासून माहितीचा, आधीच्या नोकरीत त्याच कामाचा अनुभव घेतलेला, आणि रक्कम अशी की पूर्ण गेली तरी संसार अडणार नाही; हे तिन्ही मुद्दे तुमच्याच पत्रात आहेत. एवढ्या माहितीवर घेतलेला हा निर्णय मला मूर्खपणाचा वाटत नाही. नवे व्यवसाय बंद पडतात, कष्टाळू आणि प्रामाणिक माणसांचेही पडतात. निर्णय घेताना हाती काय होते यावरून निर्णयाची परीक्षा करावी, हे बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात आपण पुढे काय घडले ते पाहून निकाल देतो. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या अमेरिकी संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना डॉक्टरांचे निर्णय पारखायला दिले होते. रुग्णाची स्थिती तीच, धोका तोच; फरक इतकाच की एका हकिगतीत रुग्ण वाचतो आणि दुसरीत दगावतो. जिथे रुग्ण दगावला, तिथे तोच निर्णय लोकांनी अधिक वाईट ठरवला. तुमचे पैसे दुप्पट होऊन परत आले असते, तर घरात आज काय बोलले गेले असते याची कल्पना करून पाहा. ‘माणसाची पारख हिच्याकडून शिकावी’ असे सगळे म्हणाले असते, आणि तेही चुकलेच असते, कारण लेखी कागद तेव्हाही नसता.

थोरल्या भावांचे वाक्य तुम्हाला सर्वांत जास्त लागलेले दिसते. ते खोटे बोलत आहेत असे मी म्हणत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन १९७२ साली चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाणार होते, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना आधीच विचारून ठेवले होते की, या दौऱ्यांत अमुक गोष्ट घडण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते. दौरे आटोपल्यावर त्यांना आपले जुने अंदाज आठवून लिहायला सांगितले. जी गोष्ट घडली असे त्यांना आता वाटत होते, तिची शक्यता आपण पूर्वी प्रत्यक्षापेक्षा अधिक वर्तवली होती असे त्यांना मनापासून आठवत होते. १९७५ साली हे निष्कर्ष छापून आले. आपल्याकडे पश्चातबुद्धी हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तुमच्या भावांची स्मृतीही असेच करत असणार. तुम्हीच लिहिले आहे की, व्यवसाय सुरू झाला त्या दिवशी ते हजर होते आणि ‘धाडस केलेस’ म्हणून त्यांनी मावसभावाची पाठ थोपटली होती. तेव्हा त्यांच्या आजच्या शहाणपणाशी आपल्या कालच्या निर्णयाची तुलना करू नका. ही तुलना कोणीही कधी जिंकलेली नाही.

दुसरी नोंद कागदाची, आणि इथे मी तुमची बाजू घेणार नाही. ‘आपल्याच माणसाकडून लिहून मागणे बरे दिसले नसते’ असे तुम्ही म्हणता. किरकोळ खर्चाचीही पावती मागणाऱ्या बाईंनी हे लिहावे! पण ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तुमच्या एकटीवर तिचे खापर फोडण्यात अर्थ नाही. कागद म्हणजे अविश्वास, असे आपण धरून चालतो. खरे पाहता अविश्वासाच्या माणसाला पैसे देण्याची वेळच येत नाही. कागद लागतो तो विश्वासाच्या माणसाबरोबर, कारण दोघेही प्रामाणिक असले तरी दोघांची आठवण सारखी राहत नाही. दिलेले पैसे उसने होते की भागीदारीचे, हे तुम्हाला आणि त्याला आज वेगवेगळे आठवते, असे तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावरून मला वाटते. चार ओळी लिहिल्या असत्या, तर हा वाद उद्भवलाच नसता. ही हयगय झाली. मूर्खपणा हा शब्द मी अजून राखून ठेवतो आहे.

तो तिसऱ्या नोंदीसाठी, म्हणजे दुसऱ्या रकमेसाठी. तिचा पुरावा तुम्ही पत्राच्या शेवटी जवळजवळ ओझरता दिला आहे. तुमच्याकडे रोजच्या कामांची एक वही असते. काम झाले की तुम्ही त्यापुढे बरोबरची खूण करता. पैसे दिले त्याच्या आदल्या दिवशीच्या पानावर तुम्ही लिहिले होते, ‘आधी वर्षाचा हिशेब मागणे.’ त्यापुढे खूण नाही. त्या शब्दांवरून निळ्या शाईची एकच रेघ ओढलेली आहे, पट्टी धरून ओढावी इतकी सरळ.

मी या रेघेपाशी बराच वेळ थांबलो. अज्ञानी माणसाला प्रश्न सुचतच नाही. तुम्हाला तो सुचला होता, शब्दांत उतरला होता, आणि उत्तर काय येईल याची धास्ती वाटली म्हणून तुम्ही तो रद्द केला. माझ्या मते रोजच्या आयुष्यातला बराचसा मूर्खपणा याच जातीचा असतो. वैद्यकीय तपासणीचा अहवाल पाकिटातून न काढता खणात ठेवणारा माणूस, मुलाच्या मित्रांविषयी मुद्दाम काही न विचारणारे आईवडील, ज्या योजनेवर आपण वर्षभर राबलो तिच्यातली चूक दाखवणाऱ्या सहकाऱ्याला बैठकीला न बोलावणारा अधिकारी, हे सगळे तुमचे भाऊबंद आहेत. त्यांना कळत नसते असे नाही; कळेल, याचीच त्यांना भीती असते. पहिली रक्कम दिलेली होती, ती वाया गेली हे मान्य करणे जिवावर आले होते, आणि दुसरी रक्कम देऊन तुम्ही ते मान्य करण्याचा दिवस पुढे ढकललात.

बुद्धी कमी पडल्यामुळे हे घडत नाही. आयझॅक न्यूटन इंग्लंडच्या टांकसाळीचे प्रमुख होते, म्हणजे पैशाशी त्यांचा नित्याचा संबंध होता. साउथ सी कंपनीच्या समभागांत त्यांनी १७२० साली आधी चांगला नफा घेऊन विक्री केली होती. भाव आणखी चढताना पाहून ते चढ्या भावाने पुन्हा त्यात उतरले आणि भाव कोसळल्यावर मोठा तोटा सोसून बसले. त्या काही महिन्यांत त्यांचे गणित कच्चे झाले होते असे कोणी म्हणणार नाही. समर्थ रामदासांनीही दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणे सांगून टाकली आहेत, तरी त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्खाची लक्षणे वेगळी सांगण्याची गरज त्यांना वाटली. शिकलेल्या माणसाला आपल्या इच्छेसाठी घाटदार कारणे रचता येतात, ही त्याची खास अडचण आहे. दुसरी रक्कम देताना तुम्ही स्वतःला जी चार कारणे दिलीत, ती वाचताना, खरे सांगतो, क्षणभर मलाही पटली.

चौथी नोंद पतीपासून लपवण्याची. तुम्ही तिला एका वाक्यात उरकले आहे, मी तसे करू शकत नाही. वहीतली ओळ तुम्ही खोडली, तरी घरात असा एक माणूस होता ज्याने तोच प्रश्न मोठ्याने विचारला असता. न सांगून तुम्ही तो दुसरा आवाजही बंद केला. त्यांच्या रागात पैशापेक्षा या गोष्टीचा वाटा मोठा असावा अशी मला शंका आहे. ‘फसलीस कशी’ या प्रश्नाला तसे उत्तर नसते. त्याआड ‘मला सांगितले का नाहीस’ हा प्रश्न असेल, तर त्याला उत्तर आहे आणि ते तुमच्याकडेच आहे. कारणे न जोडता, सरळ माफी मागून ते द्या. ‘पण तुम्ही नाहीच म्हणाला असतात’ हे वाक्य त्या दिवशी जिभेवर येईल. ते गिळा.

आता सोंगाचा प्रश्न. इतकी वर्षे तुम्ही लोकांना दिलेला सल्ला खोटा होता का? बायबलमधल्या शलमोन राजाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दूरदूरचे लोक त्याचे शहाणपण ऐकायला येत, आणि स्वतःच्या घरात मात्र त्याचा विवेक ढळला. त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विसंगतीचा अभ्यास इगॉर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. जोडीदाराने विश्वासघात केला आहे अशी कल्पना लोकांना करायला सांगितली होती, काहींना स्वतःच्या बाबतीत आणि काहींना मित्राच्या बाबतीत. मित्राच्या प्रश्नाचा विचार करताना लोक आपल्याला सगळे माहीत नाही हे अधिक मान्य करत, समोरच्याची बाजू अधिक पाहत आणि तडजोडीची वाट अधिक शोधत. प्रश्न स्वतःचा झाला की हे सारे कमी होई. प्रौढांची गतही तरुणांसारखीच निघाली, तेव्हा वयाला दोष देऊ नका. मात्र स्वतःच्या प्रश्नाकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहायला सांगितले, की ही तफावत उरत नसे. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. मी ती निदान म्हणून वाचतो. तुमचा सल्ला खरा होता. तो स्वतःला देण्याची वेळ आली तेव्हा तुम्ही सल्लागाराच्या खुर्चीत नव्हता.

त्या खुर्चीत परत बसण्याचा एक साधा मार्ग आहे, आणि तो या पत्रासारख्याच पेचात असलेल्या इतर वाचकांनाही उपयोगी पडेल. मोठा निर्णय समोर आला की तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे असे समजून, ‘ती’ किंवा ‘तो’ असे लिहीत, एका पानात मांडावा: तिला काय माहीत आहे, काय माहीत नाही, तिची अपेक्षा काय आहे आणि कोणती गोष्ट दिसली की ती थांबणार आहे. पानावर तारीख घालावी. पुढे कोणी ‘मला तेव्हाच वाटले होते’ म्हणाले, किंवा आपल्यालाच तसे वाटू लागले, तर हे पान साक्षीला असते. निर्णयशास्त्राचे अभ्यासक गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली एक जोडही मला फार आवडते: वर्ष उलटले आहे आणि बेत पुरता फसला आहे असे गृहीत धरायचे, आणि तो का फसला याची कारणे आजच लिहायची. ‘फसेल का?’ असे विचारले तर मन ‘नाही’ म्हणून मोकळे होते. ‘फसला, का ते सांग’ म्हटले की तेच मन कामाला लागते. दुसरी रक्कम देण्याच्या आदल्या रात्री तुम्ही हे केले असते, तर पहिले कारण कोणते लिहिले असते ते तुम्हाला ठाऊक आहे.

हे सगळे करतानाही काही निर्णय चुकतील. ते चुकू नयेत म्हणून तुम्ही सध्या जो उपाय काढला आहे, निर्णयच न घेण्याचा, ती या खात्यातली पाचवी नोंद, आणि ती अजून चालू आहे. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यावे हे मी समजू शकतो. तुम्ही पाणीही बंद केले आहे. ‘मला विचारू नकोस’ हे उत्तर तुम्हाला नम्रपणाचे वाटत असेल. मुलाच्या बाजूने पाहा: ज्या वर्षी आईकडे चुकीविषयी सांगण्यासारखे सर्वांत अधिक आहे, नेमके त्याच वर्षी तिने बोलणे थांबवले. त्याला नोकरी बदल किंवा बदलू नकोस असा निकाल द्यायची गरज नाही. त्याला फोन करा, वहीतल्या रेघेची हकिगत सांगा, आणि विचारा की या नव्या नोकरीबद्दलचा कोणता प्रश्न त्याने अजून कोणालाही विचारलेला नाही.

राहिला मावसभाऊ. तुम्ही ‘त्याने मला फसवले’ असे लिहिता, पण तुम्ही दिलेल्या हकिगतीत धंदा बुडालेला आणि तोंड लपवणारा माणूसही तितकाच बसतो. मला यातले खरे कोणते ते ठरवता येत नाही, आणि भेटल्याशिवाय तुम्हालाही येणार नाही. पती म्हणतात तसे न भेटणे सुरक्षित आहे, म्हणजे नवे काही जाणार नाही. पण परत येऊ शकणारे पैसेही येणार नाहीत आणि हा माणूस नेमका कोण, हा प्रश्न आयुष्यभर तसाच राहील. एकटीने भेटणे मला मान्य नाही, कारण एकटेपणी तुम्ही काय करता ते आपण पाहिले. म्हणून पतीला बरोबर घेऊन भेटा, आणि त्याआधी दोघांनी मिळून ठरवा की त्या दिवशी नवी एकही रक्कम द्यायची नाही, कोणाकडे त्याची रदबदली करण्याचे वचन द्यायचे नाही, आणि एकूण येणे, दरमहाची रक्कम व तारीख लिहून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. पैशाच्या दाव्यांना कायद्याने मुदत असते, म्हणून असा कागद करण्यापूर्वी एकदा वकिलाला विचारून घ्या. त्याने सही करायला टाळाटाळ केली, तर भांडू नका, उठून या. तेवढ्याने पतीचे म्हणणे खरे ठरेल आणि तुमचे काही बिघडणार नाही. सही केली, तर पुढचे सहा महिने हप्ता ठरल्या तारखेला येतो का, हे पाहा. रक्कम किती आहे यापेक्षा ती तारीख त्याच्याविषयी अधिक सांगेल.

भेटीला जाताना तीच वही बरोबर ठेवा. आदल्या रात्री नव्या पानावर ती जुनी ओळ पुन्हा लिहा, ‘आधी वर्षाचा हिशेब मागणे’, आणि ख्यालीखुशाली झाली की पहिला प्रश्न तोच विचारा. तो जे सांगेल ते त्याच पानावर, त्याच्यासमोर, लिहून घ्या.